मशीनवरून उतरल्यावर गाडी हातात बसत नाही, त्याचा इलाज

दिवसभर पोकलेन किंवा जेसीबी चालवायचा आणि संध्याकाळी मोटारसायकलवर, पिकअपवर नाहीतर घरच्या कारमध्ये बसायचं. पहिल्या काही मिनिटांत काहीतरी चुकतंच. चौकात थांबताना गाडी बंद पडते. ब्रेक एकतर उशिरा लागतो, नाहीतर इतका कचकन लागतो की शेजारचा माणूस डॅशबोर्डवर आपटतो. वळण संपलं तरी स्टिअरिंगशी झटापट चालूच राहते. एप्रिलच्या कोरड्या उन्हात मधेच वायपर फिरायला लागतो. घरी पोचेपर्यंत सगळं सुरळीत होतं, म्हणून आपण ते विसरून जातो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मी माण तालुक्यात १६ वर्षं मशीन चालवलं. शेततळी, नाला खोलीकरण, तलावातला गाळ, पाइपलाइनचे चर, सगळं केलं. आता नव्या पोरांचा हात बसवून देतो. हा त्रास मला झाला, माझ्याबरोबरच्यांना झाला आणि शिकायला येणाऱ्या जवळपास प्रत्येक पोराला होतो. त्यावर "जरा जपून चालव की" याच्यापुढं कुणी काही सांगत नाही. पण चूक होते त्या वेळी माणूस जपूनच चालवत असतो. म्हणून नेमकं काय होतं आणि मी त्यावर काय करतो, ते सविस्तर लिहितो.

आधी बिघाड कुठला आहे ते बघा

यात तीन-चार कारणं एकमेकांत गुंतलेली असतात आणि त्यामुळे इलाज भलत्याच गोष्टीवर होतो. माझ्या ओळखीच्या एका जेसीबीवाल्याची पिकअप रोज संध्याकाळी चढावर बंद पडायची. त्यानं गॅरेजला लावून क्लच प्लेट बदलली, प्रेशर प्लेट बदलली, हातातले चांगले पैसे घातले. गाडी बंद पडायची ती पडायचीच. त्याच गाडीतून त्याचा भाऊ पहाटे भाजी घेऊन मार्केटला जायचा, त्याच चढावरून, मागं माल भरलेला. त्याच्या हातात ती एकदाही बंद पडली नाही. म्हणून पहिली तपासणी हीच: दोन दिवस गाडी दुसऱ्याच्या हातात द्या. त्याच्याही हातात चुकत असेल तर मेकॅनिककडं जा. नसेल तर पैसे खिशात ठेवा आणि पुढं वाचा.

दुसरी तपासणी वेळेची. चूक कधी होते ते आठ दिवस ध्यानात ठेवा, वहीत लिहिलं तर उत्तम. थकव्याची चूक हळूहळू चढत जाते. निघताना ठीक असतं, दहा किलोमीटरवर डोळे जड होतात, पंधरावर रस्त्याची कड दिसेनाशी होते. मशीन आणि गाडी यांच्या अदलाबदलीची चूक बसल्याबसल्या होते आणि दहा-पंधरा मिनिटांत विरून जाते. आणखी एक खूण आहे. सुट्टीच्या दिवशी सकाळी, झोप पुरती झालेली असताना, गाडी छान चालते. त्याच सकाळी तासभर मशीनवर काम करून परत गाडीत बसलात आणि चूक पुन्हा हजर झाली, तर तो थकवा नव्हे.

थकवाच असेल तर झोप हा एकच इलाज. चहा, तंबाखू, मोठ्यानं लावलेली गाणी, यांनी बारा तासांचं मशीन अंगातून उतरत नाही. अशा रात्री साइटवरच आडवं व्हावं किंवा दुसऱ्याच्या मागं बसून जावं. मशीन ताशी भाड्यानं चालतं, त्यामुळं अंधार पडेपर्यंत तास ओढले जातात आणि मग ऑपरेटरला एकट्याला मोटारसायकलवर वीस किलोमीटर सोडून दिलं जातं. हे मला मुळीच मान्य नाही. मशीनला रात्री राखण ठेवता, तर ते चालवणाऱ्याला घरी पोचवायची सोय करणं मालकाला जड जाऊ नये.

सोडलं की थांबतं, दाबलं की थांबतं

सगळ्यात घातक चूक ही आहे आणि ती सगळ्यात कमी लोकांना ठाऊक आहे.

पोकलेनला आपल्या गाडीसारखं ब्रेकचं पेडल नसतं. (पोकलेन हे मुळात एका फ्रेंच कंपनीचं नाव. आपल्याकडं चेनवर चालणाऱ्या प्रत्येक एक्स्कॅव्हेटरला पोकलेनच म्हणतात, तसंच मीही म्हणतो.) पुढं जायचं तर दोन्ही ट्रॅव्हल लिव्हर पुढं ढकलायचे, नाहीतर त्यांचीच पेडलं पायानं दाबायची. थांबायचं असेल तर काहीच करायचं नाही. हात ढिला केला की लिव्हर आपसूक मध्यावर येतो, चेन फिरवणारं तेल बंद होतं आणि २० टनांचं मशीन जागच्या जागी उभं राहतं. बूमला (मशीनचा मोठा हात) तेच, आर्मला (त्याच्या पुढचा छोटा हात) तेच, बकेटला आणि गोल फिरण्यालाही तेच. कड खचली, दगड निसटला, कुणी मधे आलं, की हात सोड. दिवसातून शेकडो वेळा आपण हे करतो. महिना-दोन महिने सलग मशीनवर काढले की धोका दिसणं आणि हात सोडणं यांच्यामध्ये विचाराला जागाच उरत नाही.

गाडीत मात्र धोका दिसला की दाबावं लागतं.

मला हे कळलं त्याची किंमत मोजून. नाला खोलीकरणाच्या कामावर मी सलग चार महिने पोकलेनवर होतो. मे महिना. संध्याकाळी सातच्या सुमाराला डिझेलचे रिकामे कॅन घेऊन पिकअपनं निघालो. पहिल्याच वस्तीच्या वळणावर एक वासरू दाव्यासकट सुटून रस्त्यात आलं. मला ते स्वच्छ दिसलं. डोळ्यांवर झोप नव्हती, हातात फोन नव्हता, दारूला मी शिवत नाही. माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर ढिले पडले, बोटं उघडली आणि दोन्ही पाय पेडलांवरून वर उचलले गेले. ते मला आजही दिसतं. उजवा पाय ब्रेककडं गेलाच नाही. गाडी आता थांबेल म्हणून मी तसाच बसून राहिलो. वासरू आपल्या पायांनी उडी मारून वाचलं. गाडी मोरीच्या कठड्याला घासत गेली, डावा हेडलाइट फुटला, मडगार्ड चाकात घुसलं. शेजारी आमचा हेल्पर होता, १९ वर्षांचा पोरगा. खाली उतरल्यावर तो थरथरत म्हणाला, "अण्णा, ब्रेक का नाही मारला?" मला उत्तर देता आलं नाही. घरी सांगितलं की डुलकी लागली. डुलकी लागलेली नव्हती, आणि हे खोटं मला बरेच दिवस टोचत राहिलं.

उत्तर मिळालं पुढच्या वर्षी. पोकलेनवर चांगला हात बसलेला एक पोरगा होता. त्याला मोकळ्या रानात ट्रॅक्टरवर बसवलं. पहिला लो गिअर, हँड थ्रॉटल (हाताचा रेस) थोडा वर, ट्रॅक्टर आपला रांगत चाललेला. पुढं ताल (रानातला मातीचा बांध) आली तेव्हा मी ओरडलो, "थांब!" पोरानं दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलले, दोन्ही पाय वर घेतले आणि माझ्याकडं बघितलं. ट्रॅक्टर तसाच जाऊन तालीवर चढला. तालीची माती मऊ होती म्हणून तो तिथं रुतून बंद पडला. पोराचा चेहरा मला ओळखीचा वाटला. पिकअपमध्ये माझाही तसाच झाला असणार.

मशीनवर ही सवय आपला जीव वाचवते, म्हणून ती मोडायची नाही. गाडीत बसताना तिच्या जागी दुसरी आणून ठेवायची. पोकलेन ताशी ५ किलोमीटरनं चालतं, म्हणजे एका सेकंदात दीड मीटरही सरकत नाही. गाडी ताशी ५० नं असेल तर तेवढ्याच सेकंदात जवळजवळ १४ मीटर जाते. मशीनवर वाट बघत घालवलेला एक सेकंद अंगावर येत नाही. रस्त्यावर १४ मीटरमध्ये वासरू असतं, शाळेची पोरं असतात, रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली असते.

डावा पाय, उजवं मनगट आणि वायपर

जेसीबीवाल्यांचा त्रास थोडा वेगळा. बॅकहो लोडरला, म्हणजे आपल्या जेसीबीला, क्लचचं काम तेलानं करणारा टॉर्क कन्व्हर्टर असतो, क्लचचं पेडल नसतं. उजवा पाय रेस आणि ब्रेक बघतो, डावा पाय दिवसभर नुसता पडून असतो. पुढं-मागं जायला स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला छोटा लिव्हर असतो, तो पुढं ढकलला की मशीन पुढं, मागं ओढला की मागं. संध्याकाळी हाच माणूस गाडीत बसतो आणि चौकात ब्रेक मारून थांबतो. डावा पाय हललेलाच नसतो. गाडी दचका देऊन बंद. त्या पिकअपवाल्याची क्लच प्लेट अशी फुकट बदलली गेली.

वायपरचंही तेच. मारुतीच्या गाड्यांत स्टिअरिंगच्या डावीकडची दांडी वायपरची. माणसाला रिव्हर्स घ्यायचा असतो, डावा हात जेसीबीच्या सवयीनं तिकडं जातो आणि काचेवर धुळीचे फराटे ओढत वायपर सुरू होतो. लोक हसतात आणि सोडून देतात. पोरांना मी सांगतो की वायपर ही सगळ्यात चांगली सूचना आहे. तो फिरला याचा अर्थ हातपाय अजून मशीनवर आहेत, आणि जो हात वायपरला गेला त्याचाच जोडीदार पाय पुढच्या मिनिटाला ब्रेक चुकणार आहे. वायपर फिरला की गाडी बाजूला घ्यायची आणि खाली सांगितलेला क्रम पहिल्यापासून करायचा.

स्टिअरिंगकडं फारसं कुणाचं लक्ष जात नाही. कार वळवून हात सैल केला की स्टिअरिंग आपोआप बरंचसं सरळ होतं. जेसीबीचं स्टिअरिंग तेलावर चालतं, चाकाशी त्याची दांडीनं जोडणी नसते. जिथं सोडाल तिथंच राहतं, सरळ करायचं तर आपणच उलटं फिरवायचं. त्यामुळं मशीनवाला कारमध्ये वळण संपताच जोरानं उलटं फिरवतो. तिकडं स्टिअरिंग स्वतःही परत येत असतं, आणि दोन्ही मिळून गाडी पलीकडच्या बाजूला झेपावते. अरुंद रस्त्यावर समोरून एसटी आली तर हा झोका महागात पडतो.

मोटारसायकलवाल्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. पोकलेनचा उजवा जॉयस्टिक मागं ओढला की बूम वर उचलला जातो. खाली काही अडकलं, अंदाज चुकला, की उजवा हात मागं येतो. मोटारसायकलच्या उजव्या मुठीत ॲक्सिलरेटर आहे आणि मनगट मागं आलं की तो उघडतो. खड्डा अचानक समोर आला आणि गाडी कमी व्हायच्या ऐवजी पुढं झेपावली, असं माझं दोनदा झालंय. दोन्ही वेळा पोकलेनवर लांबलचक हंगाम काढलेला होता. तेव्हापासून मशीनच्या हंगामात मी रस्त्यावर दोन बोटं कायम पुढच्या ब्रेकच्या दांडीवर ठेवतो. बोटं ब्रेकवर असली की मनगट तेवढं मागं वळत नाही, आणि वळलंच तर बोटं ब्रेक ओढतात.

उंचीनंही फसगत होते. मशीनच्या केबिनमध्ये डोळा जमिनीपासून दोन मीटरच्या वर असतो, बकेटचे दात समोर दिसत असतात, चार बोटांचा अंदाज बरोबर येतो. कारमध्ये बसलो की बॉनेटचं टोकसुद्धा दिसत नाही. तरी अंदाज मशीनचाच लावला जातो आणि पुढच्या गाडीच्या बंपरला चिकटून चालवलं जातं. याला उपाय साधा आहे, पुढच्या गाडीची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसतील इतकं लांब थांबायचं.

कान आणि बोटं

इंजिन आणि खडक फोडणाऱ्या ब्रेकरच्या आवाजात दिवस गेला की संध्याकाळी काही तास ऐकू कमी येतं. कानात बारीक शिट्टी वाजत असते. मागून येणाऱ्या गाडीचा हॉर्न लांब वाटतो, म्हणजे ती गाडी जवळ आलेली असते. म्हणून त्या वेळी आरशावर भरवसा ठेवायचा, कानावर नाही. मोटारसायकलचे आरसे काढून फिरणाऱ्या पोरांना मी मशीनवर बसू देत नाही. दिवसा कानात इअरप्लग घालायला पैसे फारसे लागत नाहीत.

बोटं बधिर होणं हे थरथरीमुळे होतं, विशेषतः खडकात ब्रेकर चालवला असेल तर. बधिर बोटांना ब्रेकची दांडी किती ओढली ते कळत नाही. बोटं सकाळपर्यंतही मोकळी होत नसतील, गारठ्यात पांढरी पडत असतील, तर तो अदलाबदलीचा प्रश्न राहिला नाही. डॉक्टरला दाखवा, आणि मी मशीन चालवतो हे त्यांना आपणहून सांगा.

मी काय करतो आणि पोरांकडून काय करून घेतो

काम संपलं की बकेट जमिनीला टेकवायची, डावीकडचा सेफ्टी लिव्हर लावायचा, इंजिन थोडं मंद चालू देऊन बंद करायचं आणि मशीनकडं तोंड करून, दोन हात-एक पाय किंवा दोन पाय-एक हात धरलेले ठेवत खाली उतरायचं. उडी मारायची नाही. उतरल्यावर मशीनभोवती एक चक्कर. ही चक्कर मशीनसाठी तर आहेच (पिना, होज, गळती), पण आपल्या पायांना आपण जमिनीवर आलो हे कळायलाही तिची गरज असते. मग पाणी, तोंड धुणं, पाच-दहा मिनिटं चालणं. केबिनमध्येच बसून चहा प्यायलो तर त्यातलं काही साधत नाही.

नंतर बूट बदलायचे, आणि याबाबत मी कुणाचं ऐकत नाही. मशीनचे बूट वेगळे, गाडीचे वेगळे. एक तर चिखलाचा बूट ब्रेकच्या पेडलवरून सटकतो. दुसरं म्हणजे तळपायाला वेगळं काहीतरी लागतं आणि पाय जागे होतात. हे मला आधी नुसतं जाणवायचं, मग एका ठिकाणी वाचलेलं आठवलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बी-१७ विमानांचे वैमानिक जमिनीवर उतरल्यानंतर फ्लॅप (पंखांच्या मागच्या झडपा) आत घ्यायच्या ऐवजी चाकंच आत घेत आणि विमान पोटावर बसे. माणसं कसलेली होती, पण दोन्ही बटणं शेजारी शेजारी आणि हाताला सारखीच लागत. अल्फॉन्स चपानिस नावाच्या मानसशास्त्रज्ञानं चाकाच्या बटणाला रबरी चाकाचा आकार दिला आणि फ्लॅपच्या बटणाला पाचरीचा. हाताला फरक कळला आणि चूक थांबली. हे वाचल्यावर मी जुन्या ट्यूबची पट्टी कापून पिकअपच्या स्टिअरिंगला गुंडाळली, दोन्ही हात धरतात तिथं. मशीनचं स्टिअरिंग गुळगुळीत, पिकअपचं खरबरीत. हाताला लगेच कळतं की आपण कुठं बसलोय. पट्टी घट्ट चिकटवा, सैल पट्टी फिरली तर नवाच धोका.

मग गाडीत बसायचं, इंजिन बंद. सीट आणि आरसे हलवून नीट करायचे, कालच केलेले असले तरी. त्यानंतर मोठ्यानं म्हणायचं आणि करायचं: "क्लच", डावा पाय पूर्ण आत. "ब्रेक", उजवा पाय जोरानं. "दोन्ही", क्लच आणि ब्रेक एकदम. असं दहा वेळा. शेवटचे तीन वेळा स्टिअरिंग घट्ट धरून, जणू समोर काही आलंय. हात सोडायची सवय इथं अडवायची असते: धोका म्हटलं की मूठ आवळायची आणि पाय दाबायचा. पोरं पहिल्या दिवशी लाजतात, मित्र बघत असतात म्हणून तोंडातल्या तोंडात म्हणतात. मी त्यांना पुन्हा मोठ्यानं म्हणायला लावतो. तोंडानं म्हटलेलं पाय लवकर ऐकतात, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे.

इंजिन चालू केल्यावर पहिल्या २०० मीटरमध्ये, मोकळी जागा बघून, दोनदा पूर्ण थांबायचं. क्लच-ब्रेक, थांब, परत पहिला गिअर. मोटारसायकल असेल तर पुढचा आणि मागचा ब्रेक एकदम लावून दोनदा थांबायचं. तिथून पुढं दहा मिनिटं ताशी ३० च्या वर जायचं नाही आणि ओव्हरटेक करायचं नाही. घर पाच मिनिटांच्या अंतरावर असेल तर सगळा रस्ता तीसनंच. जवळ घर असणाऱ्यांना यातून सूट वाटते, पण त्यांचा सगळा प्रवासच त्या वाईट दहा मिनिटांत बसतो.

या सगळ्याला अर्धा तास लागतो. पहिले पंधरा दिवस कंटाळा येतो. नंतर तो हात धुण्यासारखा होऊन जातो.

उलट दिशा: गाडीवरून मशीनवर

सकाळची चूक क्वचित होते, पण झाली तर जास्त मोठी होते.

जेसीबीच्या बऱ्याच मॉडेलमध्ये, आणि ट्रॅक्टरमध्ये, ब्रेकची दोन पेडलं शेजारी शेजारी असतात. एक डाव्या मागच्या चाकाचं, दुसरं उजव्या. रानात जागच्या जागी वळायला ती सुटी वापरतात. रस्त्यावर येताना मधली पट्टी लावून दोन्ही जोडायची असतात. कारमधून आलेला पाय ब्रेक एकच समजतो आणि जे पेडल सापडेल ते दाबतो. पट्टी सुटी असेल तर एकच चाक धरतं आणि साडेसात टनांच्या आसपासचं मशीन त्या बाजूला वळतं. वेग असेल तर उलटतं. म्हणून चावी फिरवायच्या आधी वाकून पट्टीला हात लावायचा. नुसतं बघायचं नाही, हात लावायचा.

दुसरं, हँड थ्रॉटल. काल खोदताना वर ठेवलेला तसाच राहिला तर पायातला रेस सोडूनही मशीन कमी होत नाही. तो खाली आणायचा. बूमची पिन आणि फिरण्याची पिन लावायची, पुढचं लोडर जमिनीपासून फूटभर वर ठेवायचं. स्टिअरिंग आपणहून सरळ होणार नाही हे पहिल्या वळणाच्या आधीच मनात घोकायचं. आणि वळताना आरशात मागचा बूम बघायचा. पुढची चाकं डावीकडं वळली की मागं लटकलेला बूम उजवीकडं बाहेर जातो, नेमका तिथं ओव्हरटेक करणारा मोटारसायकलवाला असतो. कारला मागं असं शेपूट नसतं, त्यामुळं कारवाल्याला ते बघायची सवयच नसते.

वेगाबद्दल बोलायचं तर केंद्रीय मोटार वाहन नियमांत अशा बांधकाम यंत्राच्या व्याख्येतच लिहिलंय की त्याचं रस्त्यावरून जाणं हे मुख्य कामाच्या अनुषंगानं, थोड्या वेळापुरतं आणि ताशी ५० किलोमीटरच्या आत असतं. माझं मत त्याहून कडक आहे. मागच्या एक्सलला स्प्रिंग नाही, मशीन टायरवरच उड्या मारतं, आणि उडी चालू असताना पुढच्या चाकांची पकड सुटते. गावातल्या रस्त्यावर पंचवीसच्या पुढं जाऊ नका. आणि लायसन्सवर तुम्ही चालवताय त्या वर्गाची नोंद आहे का ते काढून बघा. अपघातानंतर विमा कंपनी पहिला कागद तोच मागते.

दिवसात चार-चार वेळा चढउतार असेल तर

काही ठिकाणी एकच माणूस सगळं करतो. जेसीबीनं खोदायचं, मधेच पिकअपनं डिझेल आणायचं, परत जेसीबी, मग मालकाला कारनं तालुक्याला सोडायचं, परत जेसीबी. अशा दिवशी वरचा क्रम प्रत्येक वेळी पुरा करणं शक्य नाही, आणि अर्धवट केला तर फायदाही अर्धाच. मी खूप प्रकारे करून बघितलं. बूट बदलायचं आणि "क्लच-ब्रेक" म्हणायचं एवढं टिकतं, बाकी गळून पडतं.

३० बाय ३० मीटरचं, तीन मीटर खोल शेततळं काढायचं होतं तेव्हा मी मालकाशी सरळ बोललो. त्यांना म्हटलं, "दादा, मशीनवर आहे तोवर मी गाडीची चावी हातात घेणार नाही. डिझेलला पोराला पाठवा." त्यांना आधी ते आळसाचं वाटलं. मी मोरीवरची गोष्ट सांगितली, डुलकीची नव्हे, खरी. त्यांनी पिकअपची चावी हेल्परच्या हातात दिली, आणि तो पोरगा गाडीत बसला की इंजिन बंद ठेवून आधी मोठ्यानं म्हणायचा, "क्लच. ब्रेक. दोन्ही." तो तर दिवसभर मशीनवर बसलेलाही नसायचा. त्या संध्याकाळी तो माझ्या शेजारी होता, एवढंच.